मागच्या ओळीची हजेरी

माझं अक्षर फार सुंदर होतं. हे मीच सांगते, कारण सांगणारे आता कुणी उरले नाहीत. त्याच अक्षराच्या तोऱ्यात मी सोळाव्या वर्षी ग्वाल्हेरच्या पोलीस लाइनीतल्या नऊ मेलेल्या शिपायांना परेडवर बोलावून बसले. मुद्दाम नाही, पण बोलावलं खरं.

तेव्हा सगळंच बदलत होतं. मी शाळेत जायला लागले तेव्हा राज्य महाराजांचं होतं. पुढे ते मध्य भारतात गेलं, आणि मी मॅट्रिकच्या तयारीला लागले तोवर मध्य भारतही गेला आणि मध्य प्रदेश आला. लाइनीच्या फाटकावरची पाटी रंगवणारा पेंटर मात्र तिन्ही वेळा एकच. तिसऱ्यांदा शिडी लावताना त्यानं पहारेकऱ्याला विचारलं, "अबकी पक्का है ना? नहीं तो खड़िया से लिख दूँ?" पहारेकरी हसला, पण त्यालाही माहीत नव्हतं. आपण कुठल्या जिल्ह्यात फेकले जाणार याचीच सगळ्यांना उत्सुकता लागली होती. शिपाईलोक संध्याकाळी माझ्याकडे येत आणि म्हणत, "बेटा, जरा वो नक्शा दिखाना." माझ्या शाळेच्या नकाशाला एवढा भाव कधी आला नव्हता. रायपूर किती लांब, जबलपूरला नदी कुठली, बस्तर म्हणजे नेमकं काय, हे सगळं मी फूटपट्टीनं मोजून सांगत असे, आणि जिथलं मला माहीत नसे तिथलं तर जास्तच ठासून सांगत असे.

आम्ही मागच्या ओळीत राहायचो. ही ओळ म्हणजे लाइनीच्या अगदी शेवटच्या नऊ खोल्या, त्यांच्यापुढे एक लांब पडवी आणि एक नळ. बाबा पोलिसात शिपाई होते. त्याच्या चार वर्षं आधी हजीरा मोहल्ल्यात पावसात एक घर खचलं, तेव्हा ते आतल्या माणसांना बाहेर काढत होते. दुसरी भिंत त्यांच्या अंगावर आली. त्या दिवशी निघताना ते रोजचंच बोलले होते. पट्टा आवळत, मागे न बघता म्हणायचे, "ड्यूटी सुटली की येतो." आईही रोजचंच म्हणायची, "या."

आमच्या ओळीतल्या नऊही घरांत असंच काहीतरी झालं होतं. कुणी तापानं गेला होता, कुणी घोड्यावरून पडून, कुणी चंबळकडच्या गोळीबारात. या घरांना धरून ठेवलं होतं ते मंडळानं. लाइनीतल्याच शिपायांनी महाराजांच्या काळात ते काढलं होतं. ज्याचा माणूस गेला त्याच्या घराला वर्षाचं धान्य, बायकांना गणवेश शिवायचं काम, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मागच्या ओळीतली खोली. मुलं हाताशी येईपर्यंत ती खोली कुणी काढून घ्यायची नाही, असा जुन्या कुठल्याशा साहेबाचा तोंडी हुकूम होता. तोंडी! कागदावर एक अक्षर नाही. पण तो तेवढ्यावरच इतकी वर्षं चालला होता.

मंडळाची एक रीत होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी लाइनीतल्या मारुतीच्या पारावर हजेरी व्हायची. मंडळाच्या वहीत नाव गेलेल्या माणसाचं. ते कधी खोडायचं नाही, आणि त्याच्यापुढे 'मयत' किंवा 'स्वर्गवासी' असलं काही लिहायचं नाही. नाव पुकारलं की त्याच्या घरच्यानं उभं राहून म्हणायचं, "हाजिर!" मग वहीत त्या नावापुढे तोच शब्द. माणूस नसला तरी त्याचं घर आहे, म्हणून तो हाजिर, असा त्यातला विचार. आमच्याकडून आईच उत्तर द्यायची. घरात इतक्या हळू बोलणारी ती बाई, पण पारावर तिचा आवाज फाटकापर्यंत जायचा. मला लाजच वाटायची. आता वाटते ती त्या लाजेची.

वही सांभाळायचे ते हवालदारकाका. ते पेन्शनीत निघालेले, मिशा पांढऱ्या, शहरातल्या खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात भावाकडे राहायचे आणि रोज सकाळी पायी लाइनीत यायचे. सगळं मंडळ म्हणजे तेच. एके दिवशी ते एक छापील कागद घेऊन आमच्या पडवीत आले. नव्या राज्याच्या कचेरीनं मागच्या ओळीची यादी मागितली होती. खोलीचा नंबर, कुणाच्या नावावर, हुद्दा, बिल्ला नंबर, आणि शेवटी शेरा.

"तुझं अक्षर सुंदर आहे," काका म्हणाले. "साहेब लोकांकडे जाणार आहे कागद. साफसाफ लिहून दे. गडबड बिलकुल नको."

एवढं म्हटल्यावर काय विचारता! पाटणकर बाजारात जाऊन मी निळी-काळी शाई आणि नवी नीब आणली. दोन दुपारी बसून, रेघा आखून, मंडळाच्या वहीवरून एकेक नाव उतरवलं. शेवटच्या रकान्याशी थबकले आणि काकांना विचारलं, "शेऱ्यात काय लिहू?"

"वहीत काय आहे?"

"हाजिर."

"मग तेच लिही. आपल्या वहीत दुसरा शब्द नाही."

म्हणून मी नऊ वेळा, नऊ नावांपुढे, वळणदार अक्षरात लिहिलं: हाजिर. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "छान आलंय." आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कचेरीतला माणूस आमच्या पाराशी बसलेला नसतो.

पंधराएक दिवसांनी हुकूम आला, तोही डाकेनं नव्हे, सायकलवरून. शिपाई ओळीत उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. खालील नऊ जवानांनी नव्या राज्याच्या वाटपासाठी येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता परेड मैदानावर साहेबांपुढे हजर राहावं. जो गैरहजर राहील त्याचं नाव कमी होईल आणि खोली तीन दिवसांत खाली करून घेतली जाईल. मग त्यानं नऊ नावं वाचली. शेवटचं बाबांचं होतं.

नळावर पाणी तसंच वाहत राहिलं. पहिल्या खोलीतली अम्मा, जिचा मुलगा घोड्यावरून पडून गेला होता, तिनं शिपायाला विचारलं, "बेटा, फिर से पढ़ना." त्यानं परत वाचलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "मेरे लड़के की बदली आई है," ती म्हणाली. मग सगळी ओळ एकदम बोलायला लागली.

चूक माझ्या हातची होती. मी धावत जाऊन काकांना गाठलं. ते नुकतेच फाटकातून आत येत होते. हुकूम वाचून ते तिथल्याच दगडावर बसले.

"मेलो," ते म्हणाले. "खोटी यादी पाठवली म्हणतील. पोरी, नऊ घरं बाहेर जातील माझ्यामुळे."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"तू गप. अक्षर तुझं, अक्कल माझी होती."

त्यांचं म्हणणं, अर्ज लिहू, चूक कबूल करू, माफी मागू. ते पडवीत येऊन तसं बोललेही. आई शिलाईच्या मशीनवर होती. तिनं पाय थांबवला.

"अर्ज कुठं जाईल, काका?"

"भोपाळला."

"आणि परत केव्हा येईल?"

भोपाळला गेलेला कागद तेव्हा परत येत नसे, हे लाइनीत सगळ्यांना पता होतं.

"खोली तर तीन दिवसांत जाणार," आई म्हणाली. "नाव पुकारलंय ना त्यांचं? मग आपण जायचं. आजवर त्यांच्या हजेरीला मी कधी चुकले नाही, आता का चुकू?"

"परेड आहे ती, बाई! मारुतीचा पार नाही."

"मग परेड शिकवा."

खरं सांगते, त्या क्षणी माझी भीती जी पळाली ती परत आलीच नाही. तिच्या जागी नुसता जोश. अर्ध्या तासात नऊही खोल्यांत ठरलं: जायचं! आणि असंतसं नाही, ओळीत, पायात पाय मिळवून.

पुढचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. रोज दुपारी, पुरुषमाणसं ड्यूटीवर गेली की, ओळीच्या मागच्या मोकळ्या जागेत हवालदारकाका आमची कवायत घ्यायचे. सात विधवा, अम्मा, आणि मी. एका घरची बाई आजारी होती, तिच्या जागी मी उभी राहायची, कारण आमच्याकडून आई होतीच. काकांची मिशी त्या पाच दिवसांत परत काळी झाल्यासारखी दिसायला लागली. "सावधान!" ते ओरडले की लिंबावरचे कावळे उडायचे. 'दहिने मुड' म्हटलं की अम्मा डावीकडे वळायची आणि शेजारणीच्या नाकाला नाक लावून उभी राहायची. "अम्मा, दहिना! जिस हाथ से खाती हो!" काका कळवळून सांगायचे. अम्मा म्हणायची, "मेरा लड़का भी ऐसे ही मुड़ता था, तुम्हीं मारते थे उसको." ते खरंच होतं. काकांनीच त्याला रंगरूट असताना शिकवलं होतं. त्यानंतर काका तिच्याबरोबर सगळी ओळच पुन्हा सरळ करून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी घोटून घोटून घेतली. "साहेब बोलल्याशिवाय जागा सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. साहेब म्हणणार, लाइन तोड़. मग सलाम, दहिने मुड, आणि मग मोकळे. तोवर जवान ड्यूटीवर असतो. समजलं?"

"समजलं," आम्ही म्हणायचो. आई काही म्हणायची नाही.

रविवारी सगळ्यांनी पांढरी लुगडी आणि साड्या खळ घालून वाळवल्या. नळावर त्या दिवशी एवढी गर्दी की भांडणंही झाली, आणि भांडणं झाली म्हणून बरं वाटलं, इतक्या दिवसांत आमची ओळ अशी जिवंत झालीच नव्हती. पुढच्या ओळीतल्या शिपायांना बातमी लागली होती. पण एकानंही ती वर पोचवली नाही. उलट एकजण येऊन माझ्या वहाणा पॉलिश करून गेला.

सोमवारी पावणेआठला आम्ही मैदानावर. थंडी पडायला लागली होती, किल्ल्यावर ऊन आलेलं, मैदान अजून सावलीत. पुढे शंभरेक जवान उभे, आणि त्यांच्या डाव्या बाजूला, पाच पावलं सोडून, आमची पांढरी ओळ. साहेब आले. तरुण होते, चष्मा होता, नव्या राज्याच्या कुठल्या तरी पूर्वेकडच्या जिल्ह्यातून आलेले. ग्वाल्हेर त्यांनी आठवड्यापूर्वी पहिल्यांदा पाहिलं असणार. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. बहुधा अर्ज घेऊन आलेल्या बायका समजले, आणि कामाला लागले.

जवानांची नावं झाली. मग त्यांनी माझी यादी काढली. माझी शाई मी लांबूनही ओळखली. त्यांनी पहिलं नाव पुकारलं.

"हाजिर!" अम्मा ओरडली, आणि काठी टेकत एक पाऊल पुढे आली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. दुसरं नाव.

"हाजिर!"

जवानांत कुणीतरी हसला असावा, कारण साहेबांचा चेहरा लाल झाला. "ये क्या तमाशा है? किसने भेजी ये लिस्ट?"

हवालदारकाका पुढे झाले, सलाम ठोकला, आणि त्यांचा आवाजच फुटेना. चाळीस वर्षं मैदानं दणाणून सोडणारा माणूस! मला ते बघवलं नाही. मी ओळ मोडून पुढे गेले, काकांनी शिकवलेलं सगळं विसरून.

"लिस्ट मैंने लिखी है, साहब. ग़लती मेरी है." आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं: मंडळ, वही, पारावरची हजेरी, तो तोंडी हुकूम, खोल्या. हिंदी कुठं संपत होतं आणि मराठी कुठं सुरू होत होतं, मला शुद्ध नव्हती.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग ओळीकडे बघून विचारलं, "तो ये नौ के नौ... नहीं रहे?"

कुणीच हो म्हणेना. ओळीतल्या आठही बायका समोर बघत उभ्या. शेवटी आईच बोलली. "नाम आपने पुकारा, साहब. हम आ गए. बाक़ी आप समझ लीजिए."

त्यांनी यादी टेबलावर ठेवली. मग आवाज खाली आणून जे सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं असं नाही, पण अर्थ असा: तोंडी हुकूम नव्या राज्यात चालणार नाही. मात्र नोकरीत असताना जो गेला त्याच्या घराला खोली ठेवायची शिफारस ते आत्ता, इथं, सही करून देऊ शकतात. मुलं कमावती होईपर्यंत. अडचण एकच होती. यादीत नऊही जण हजर होते. हजर माणसाच्या घराला ते काहीच देऊ शकत नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात तो दुसरा शब्द लिहिला पाहिजे, आणि घरच्यांच्या संमतीनं.

म्हणजे जो शब्द मंडळानं कधी वहीत येऊ दिला नाही, त्याच एका शब्दावर आमच्या नऊ खोल्या अडल्या होत्या. मी काकांकडे बघितलं. ते अम्माकडे बघत होते. अम्मा म्हणाली, "लिख दे, बिटिया. कमरा रहेगा तो उसका नाम लेने वाला भी रहेगा."

टेबलाशी मला खुर्ची दिली. साहेबांनी आपलं पेन दिलं. मी 'हाजिर' वर रेघ मारायची आणि पुढे लिहायचं: मयत. एकेक घर पुढे येऊन अंगठा किंवा सही करत होतं, आजारी बाईच्या घरून तिची मुलगी येऊन करून गेली. आठ वेळा लिहिलं. अक्षर कुठंही बिघडू दिलं नाही, त्याचा मला आजही अभिमान आहे. नवव्या ओळीवर बाबांचं नाव होतं, आणि तिथं माझा हात उठेना. मी रडत नव्हते, बरं का. हात नुसता उठतच नव्हता.

आई माझ्यामागे उभी होती. "लिही," ती म्हणाली. "त्यांना काय माहीत नाही होय?"

मी लिहिलं. तिनं सही केली, तिसऱ्या इयत्तेपर्यंतच्या अक्षरात, सावकाश. साहेबांनी खाली शिफारस लिहिली, सही केली, शिक्का मारून घेतला. मी तो शिक्का वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत होते. खोली राहिली! त्याच खोलीत बसून मी मॅट्रिक झाले, त्याच खोलीतून मास्तरीण म्हणून पहिल्या दिवशी शाळेत गेले. पण हे पुढचं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की टेबलावर चढून ओरडावं. बायका एकमेकींचे हात दाबत होत्या. पुढच्या शंभर जवानांत कुजबूज पसरली होती.

साहेब कागद आवरून निघाले. आमची ओळ तशीच उभी. ते थांबले, म्हणाले, "जाइए, आप लोग जाइए." कुणी हललं नाही. त्यांना कळेना. तेव्हा हवालदारकाका जवळ गेले, आणि आता त्यांचा आवाज परत आला होता. "हुज़ूर, जवान हाजिर हुए हैं. हुक्म के बिना लाइन नहीं टूटती."

साहेबांनी कागद अर्दलीच्या हाती दिले. टोपी सरळ केली. मग आमच्यासमोर येऊन टाच जुळवून उभे राहिले आणि शंभर जवानांना दिला होता तसाच, पूर्ण आवाजात हुकूम दिला.

"लाइन तोड़!"

आम्ही सलाम केला. साहेबांनी उलट सलाम केला. दहिने मुड, आणि अम्मासुद्धा उजवीकडे वळली! ओळ मोडली आणि सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, हसत, रडत, बडबडत. मीही. काकांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या आणि ते थंडीला शिव्या देत होते.

आई मात्र जागेवरच होती. तिचा सलामाचा हात अजून कपाळाशी होता. मी धावत गेले, तिचा हात खाली घेतला, म्हटलं, "आई, झालं. चल ना. खोली मिळाली आपल्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं, तिथं वळली, पदर सारखा केला आणि घरात बोलायची त्या हळू आवाजात म्हणाली,

"अहो, सुटली ड्यूटी. या आता."